वेळापूरला टाचेला फोड, पंढरपूरपर्यंत पाय कसा टिकवू?

माउली, ज्ञानोबांच्या पालखीसोबत आहे. टाचेला पाणी भरलेला फोड आलाय. काय करू?

— वरचं कातडं सोलू नका, तेच जखमेचं झाकण. फार ठणकत असेल तर आरोग्य पथकाकडून कडेला बारीक भोक पाडून पाणी काढून घ्या, वर गॉज बांधा. ओला मोजा लगेच बदला. भिजलेलं कातडं घासलं की सुटतं. पू झाला किंवा लाली वर चढली तर चालणं थांबवाच.

— वाखरीच्या आधी बाजीराव विहिरीपाशी रिंगण (माउलींचा घोडा धावतो तो सोहळा) होतं, त्यात अनवाणी धावू नका. दशमीला वाखरीहून टप्पा छोटा, पण गर्दीत तासन्‌तास उभं राहावं लागतं. पाय त्यानेच सुजतात.

— चंद्रभागेत उघडी जखम बुडवू नका. एकादशीची दर्शनरांग झेपणार नाही; मंदिराच्या दारातली नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घ्या. विठ्ठलाला तेही पोचतं, माउली.