दादाचं 'सोबर' वर्ष पूर्ण होतंय, घरी काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. दादा एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) मीटिंगला जातो, पुढच्या महिन्यात दारू सोडून वर्ष होईल. त्याच्या ग्रुपमध्ये वर्षाचा वाढदिवस करतात. केक, मेडल, मग दोन शब्द. घरच्यांनाही बोलावलंय. 90 दिवसांचं नाणं मिळालं होतं, ते तो पाकिटात आधार कार्डामागे ठेवतो, कुणाला दाखवत नाही.

इकडे आईने सत्यनारायण ठरवलाय, तोही तिथीने, आणि सगळं गोत बोलवायचं म्हणते. त्यात काका वर्ध्याचे. तिकडे दारूबंदी, म्हणून नागपुरात आले की जेवणानंतर गच्चीवर बसणं ठरलेलं. "वर्षभर नाही घेतली ना बाप्पा, आता एकाने काय होते?" हे ते चुलत बहिणीच्या लग्नात दादाला म्हणालेच आहेत. भाच्याने तर दादाच्या फोटोसकट 'व्यसनमुक्तीची वर्षपूर्ती' असा बॅनर बनवलाय, फॅमिली ग्रुपवर टाकायला. कसाबसा थांबवलाय. दादा म्हणतो, "तुम्ही ठरवा." मनात नसलं की तो हेच म्हणतो.

मीटिंगमध्ये आम्ही काय बोलायचं? पुतणी नववीत आहे, तिला न्यावं का? भेट काय द्यावी?

प्रतिसाद १
ताई, बॅनर डिलीटच करायला लावा. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे दादाच ठरवणार. मीटिंगमध्येही फोटो काढू नका. ती 'ओपन' आहे ना, विचारून घ्या. 'क्लोज्ड'ला घरच्यांना बसता येत नाही. तिथी आईंची, ग्रुपमध्ये तारीखच चालते. एएची स्थापनाही 10 जून 1935 धरतात, एएचे एक संस्थापक डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो दिवस. आणि पूजा करा की, पण घरच्यापुरती. काकांना प्रसाद वर्ध्याला पाठवा.

प्रतिसाद २
मी अल-अॅनॉनला जाते (व्यसनी माणसाच्या घरच्यांचा ग्रुप). आमच्या ह्यांच्या वेळी सासूबाई माइक हातात घेऊन जुनी भांडणं सांगत बसल्या, हे मान खाली घालून. तुम्ही आत्ताचं बोला, दोन मिनिटं पुरे. पुतणीला विचारा, तिची इच्छा असेल तरच न्या. पैशाची पिशवी फिरते, त्यात तुम्ही काही टाकू नका. एए बाहेरच्यांचे पैसे घेत नाही. केकमध्ये रम नाही ना, बेकरीत विचारा. भेट म्हणून संत्रा बर्फी न्या सगळ्यांसाठी, मीटिंगनंतर चहासोबत लगेच संपते.

धागाकर्ती
आभार. बॅनर गेला. काकांचं आईला कोण सांगणार, ते तेवढं सुचवा.