पी ०५०४ कोड पुसूनही परत येतो

प्रश्न: गाडीतील ब्रेकचे दिवे कधी लागतात, कधी लागत नाहीत आणि गाडीच्या संगणकाने नोंदवलेला पी ०५०४ हा बिघाडाचा कोड पुसला तरी परत येतो. बल्ब व फ्यूज ठीक आहेत. पुढे काय तपासावे?

उत्तर १: ब्रेक स्विचमधील (पेडल दाबल्याचे ओळखणाऱ्या स्विचमधील) दोन सर्किटांचे संकेत परस्परांशी जुळत नाहीत, असा या कोडचा अर्थ आहे. पेडल दाबून व सोडून दोन्ही संकेत मल्टिमीटरने मोजावेत. एक बदलला आणि दुसरा तसाच राहिला, तर स्विच, त्याची बसवणी किंवा वायरिंग यांत दोष असतो.

उत्तर २: सहमत आहे, मात्र नवा स्विच घेण्याआधी कनेक्टरच्या पिना गंजलेल्या नाहीत ना, हे अवश्य पाहावे. दुरुस्ती होईपर्यंत कृपया गाडी रस्त्यावर काढू नये, कारण मागच्या चालकाला आपण थांबत आहोत हे कळणारच नाही.

प्रश्नकर्ता: स्विचचा एक संकेत बदलतच नव्हता. नवा स्विच बसवून पेडलशी नीट जुळवल्यावर कोड परत आलेला नाही. आभारी आहे.