नव्या क्वार्टेटची रेकॉर्ड एकच असेल, तर परीक्षण कशाच्या जोरावर करायचं?

खरजातला (धागाकर्ता):
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या श्रवणबैठकीत परवा बेन जॉन्स्टन या अमेरिकन संगीतकाराचं सातवं स्ट्रिंग क्वार्टेट ऐकलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. रचना १९८४ची, पण वाजवायला इतकी कठीण की केप्लर क्वार्टेटची (वाजवणाऱ्या चौघांच्या संचालाही क्वार्टेटच म्हणतात) रेकॉर्ड यायला २०१६ उजाडलं. तिसऱ्या भागात सप्तकातले बाराशेहून जास्त वेगवेगळे स्वर लागतात. बारा नव्हे, बाराशे!

ऐकलं, भारावलो, आणि मग अशा नव्या रेकॉर्डींची परीक्षणं वाचायला बसलो. मी वाचली त्यांतल्या बहुतेकांत अर्धा मजकूर सीडीसोबतच्या पुस्तिकेतला आणि उरलेला अर्धा कौतुकाचा. रचना भावली की वादन, हे कळायला मार्ग नाही. बीथोवनच्या ओपस १३१ या क्वार्टेटच्या ढीगभर रेकॉर्डी आहेत, तिथे समीक्षक एकीशेजारी दुसरी ठेवून बोलू शकतो. इथे चेलो बेसूर वाटला, तर तो तसाच लिहिलाय की वादक चुकला, हे एकदा ऐकून कोण सांगणार? माझं म्हणणं एवढंच: परीक्षण लिहिणाऱ्याने स्वरलिपी समोर ठेवावी, पुन्हा पुन्हा ऐकावं, आणि ताडून पाहायला दुसरी रेकॉर्ड नाही हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावं. जे कळलं नाही तेही लिहावं.

दसरा चौक:
अजिबात पटत नाही. नव्या संगीताचे श्रोते आधीच मूठभर. पहिल्याच रेकॉर्डवर कोणी 'कळलं नाही' असं छापलं, की वाचणारा ती बाजूला ठेवून मोकळा होतो. १८२६ साली बीथोवनचं ओपस १३० हे क्वार्टेट व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलं, तेव्हा लाइपझिगच्या संगीतपत्राने त्याच्या शेवटच्या फ्यूगला (एकच सुरावट वाद्यं पाठोपाठ उचलत नेतात तो रचनाप्रकार) चिनी भाषेसारखं अगम्य ठरवलं. पुढे बीथोवनने तो भाग काढून नवा शेवट लिहिला आणि फ्यूग ओपस १३३ म्हणून वेगळी छापली गेली. रोखठोक समीक्षेची ही किंमत. नव्या माणसाला आधी हात द्या, मापं काढायला पुढे वेळ आहे.

खरजातला:
उदाहरण तुम्हीच छान दिलंत, पण अर्धं. त्याच परीक्षणात पुढे असंही आहे की आम्ही घाईने निकाल देत नाही, आज जे गढूळ आणि गोंधळाचं वाटतंय ते उद्या स्पष्ट आणि सुंदर वाटेल अशी वेळ कदाचित येईल. आणि बाकीच्या भागांबद्दल त्याने वेगवेगळं लिहिलंय, सगळ्यांना एका दावणीला बांधलेलं नाही. आपल्याला काय उमगलं आणि कुठे वाट हरवली, हे त्याने सांगितलं, म्हणून दोनशे वर्षांनी आपण त्याच्याशी वाद घालतोय. नुसतं 'अप्रतिम' लिहिलं असतं तर आज काय बोललो असतो?

जुना देवल क्लबवाला:
मुळात रेकॉर्डवरून संगीत जोखणंच मला मान्य नाही. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले, आणि त्यांच्या आवाजाची एक तबकडी मागे नाही. तरी त्यांची गायकी पोचलीच ना? त्यांच्या शिष्या केसरबाईंमध्ये ऐकली, मोगूबाईंमध्ये ऐकली. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर अवकाशयानाच्या तबकडीवर गेली, पण ती साडेतीन मिनिटं म्हणजे केसरबाई नव्हेत. त्याच तबकडीच्या शेवटी याच ओपस १३०ची कावातिना (त्यातला संथ, गाण्यासारखा भाग) आहे, तिचंही तेच. चार वादक एकमेकांचा श्वास ऐकत वाजवतात, ते खोलीत बसूनच कळतं.

खरजातला:
काका, स्टीव्ह राइशचं 'डिफरंट ट्रेन्स' (१९८८) खोलीत कसं ऐकणार? त्यात एक क्वार्टेट समोर वाजतं, आणखी तीन आधी मुद्रित केलेली असतात. शिवाय माणसांची मुद्रित वाक्यं, आणि त्या बोलण्याची चाल तंतुवाद्यं जशीच्या तशी उचलतात. तिथे मुद्रण हा रचनेचाच भाग आहे. मग ते कसं झालंय, हे समीक्षकाने बघायला नको?

तानपुरा जुळवणारी:
मी गाणं शिकवते. बाराशे स्वरांचं सगळे इतकं भय का घेतायत? तानपुऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची जुळणी) नीट लागली की खरजाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो मूळ स्वराचा पाचवा स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा. जॉन्स्टनचा पायाही तोच, फक्त तो पुढे सातव्या, अकराव्या, तेराव्यापर्यंत जातो. सातव्यातून निघणारा कोमल निषाद पेटीतल्या निषादापेक्षा बराच उतरलेला असतो. पेटीवर वाढलेल्या कानाला तो बेसूर वाटेल, तानपुऱ्यावर वाढलेल्याला वाटायचं कारण नाही. तेव्हा चेलो चुकला की तसाच लिहिलाय, हे पुष्कळ अंशी नुसत्या कानाने सांगता येतं, स्वरलिपी हवीच असं नाही.

दुसरं म्हणजे, ताडून पाहायला सगळीकडे काहीच नाही असंही नाही. सातव्याचं सोडा, चौथं क्वार्टेट घ्या. 'अमेझिंग ग्रेस' या भजनाच्या चालीवरची बढत आहे, १९७३ची. क्रोनोस क्वार्टेटने ते १९८७च्या अल्बममध्ये घेतलं, केप्लरचं २००६मध्ये आलं. सुरुवातीला नुसत्या षड्ज-पंचमाच्या नात्यातून जुळवलेली चाल, मग त्यात शुद्ध गंधार उतरतो, मग तो सातवा. गंधार येतो तिथे दोन्ही रेकॉर्डी थांबवून एकामागून एक ऐका.

दसरा चौक:
ताई, हे ऐकतो, नक्की. पण माझा मुद्दा तसाच राहतो. चौथ्याला दुसरे वादक मिळाले कारण त्याची चाल ओळखीची होती. सातव्याला कोण मिळणार? पहिल्याच परीक्षणात शंका छापून आल्या, तर एवढी मेहनत करायला पुढचं क्वार्टेट कशाला येईल?

खरजातला:
उलट, त्यासाठीच येईल. केप्लरने तिसऱ्या भागात कुठे घाई केली, व्हिओला कुठे दबला, हे कुणी लिहून ठेवलं तर पुढच्या चौघांना करण्यासारखं काहीतरी उरतं. सगळं अप्रतिमच असेल तर ते कशाला हात घालतील?

ताई, चौथ्याच्या दोन्ही रेकॉर्डी येत्या रविवारी लावतो. तानपुरा घेऊन या. क्लबवाले काका, तुम्हीही या.

जुना देवल क्लबवाला:
येतो. पण स्पीकरसमोर बसून जे ऐकू येईल त्याला मी मैफल म्हणणार नाही.