एचआरव्ही : ‘हृदयगतीची अनियमितता’ म्हणावं का?

डिचोलीहून प्रश्न : मनगटी घड्याळातल्या ‘एचआरव्ही’ला (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) एका आरोग्यपत्रकात ‘हृदयगतीची अनियमितता’ असं छापलंय. ते वाचल्यापासून सासूबाई सारखी नाडी चाचपताहेत. नेमका शब्द कोणता?

फोंड्याहून : ताई, ‘अनियमितता’ मुळीच नको. नाडी अनियमित म्हटली की मराठी माणसाला आजारच आठवतो. इथे गोष्ट वेगळी आहे. नाडी मिनिटाला ६० असली, तरी प्रत्येक ठोका बरोबर १००० मिलिसेकंदांनी पडत नाही. एकदा ९६०, मग १०३०, मग ९९०. निरोगी हृदयात हा फेर असतोच. सासूबाईंना सावकाश श्वास घ्यायला सांगा : आत घेताना नाडी किंचित पळते, सोडताना रेंगाळते. तरुणपणी हे जास्त जाणवतं, वयानुसार कमी होतं.

ही करामत मुख्यतः मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेची, म्हणजे व्हेगस नसेची. ठोक्यांची लय ठरवणारी हृदयातली सायनस गाठ मोकळी सोडली तर मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल; विश्रांतीत प्राणेशा तिला आवरून धरते. तिचं ॲसिटिलकोलीन हे रसायन एक-दोन ठोक्यांत परिणाम दाखवतं आणि लगेच ओसरतं. हृदयाची गती वाढवणाऱ्या अनुकंपी (सिंपथेटिक) तंत्रिकांच्या नॉरॲड्रेनलिन या रसायनाला मात्र काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्यागणिक होणारा बदल बहुतेक प्राणेशेचाच. शास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची ही नस उत्तेजित केली आणि त्याभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावलं!

मडगावहून : ‘अनुकंपी’ वाचून लोकांना ‘अनुकंपा तत्त्वावर नोकरी’ आठवते, आणि धावपळीत छाती धडधडवणारी संस्था दयाळू वाटू लागते. मूळ अर्थ अनु + कंप, दुसऱ्याबरोबर कंप पावणं. शब्द ठेवा, पण पुढे एक ओळ खुलासा हवाच.

फोंड्याहून : मान्य. आणि ‘हृदयगती’ही नको, कारण मोजतात ते अंतर. ‘स्पंदनांतर’ सुटसुटीत आहे, पण घाईत ‘स्पंदनानंतर’ वाचलं जातं. संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ (स्टँडर्ड डेव्हिएशन) रुळलेलं आहे आणि एचआरव्हीचं एक माप तेच आहे, तेव्हा लेखात ‘ठोक्यांच्या अंतरातलं विचलन’, बोलताना ‘ठोक्यांतला फेर’.

डिचोलीहून : म्हणजे फेर जितका जास्त तितकं चांगलं, असं लिहू का सर?

फोंड्याहून : नको. अलिंदांचं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं, कंपन या विकारातही आकडा मोठा येतो. तिथे ‘अनियमित’ हाच शब्द बरोबर, आणि त्यासाठी ईसीजी काढावा लागतो.