गिरणगावच्या मतदाराला भाबडा म्हणणाऱ्यांस

डिचोलीचा_दत्तू:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की दक्षिण मध्य मुंबई, म्हणजे कापड गिरण्यांचं गिरणगाव, हा ‘भावनेवर मत टाकणारा मतदारसंघ’. आधी कम्युनिस्ट नेते डांगे, मग गिरणी संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, मग शिवसेना, तिन्ही वेळा टाळ्या पिटल्या आणि तिन्ही वेळा हात हलवत घरी. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

पहिलं म्हणजे, भाबडेपणाने मत देणारा माणूस १९५७ ला डांग्यांना दिल्लीला धाडून १९६२ ला पाडतो आणि १९६७ ला परत आणतो का? हा हिशेब चुकता करणारा मतदार.

दुसरं. माझे आजोबा लोअर परळला साचेखात्यात. त्याआधी कित्येक वर्षं बदली, म्हणजे कायमचा कामगार गैरहजर असला तरच काम मिळणारा. पाळी लागायच्या आधी फाटकाशी उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाही तर भरलेला डबा घेऊन चाळीत परत. जेवण तेच, पण त्या दिवशी घास उतरत नसे म्हणायचे. अशा माणसाला आपली युनियन निवडायचा हक्क तरी होता? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच युनियनला, बोलणी करायची ती तिनेच. फाटकावर गुप्त मतदान कधी झालंच नाही. ते झालं १९८४ ला, लोकसभेच्या पेटीत. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत अपक्ष दत्ता सामंत निवडून येतात, तेही त्यांनी पुकारलेला १९८२ चा गिरणी संप मोडल्यात जमा असताना. याला भावना म्हणता?

म्हापसा_वाचक:
वा! युनियन निवडायला खासदार! लोकसभेत काँग्रेसचे चारशेवर आणि यांचा एकटा अपक्ष. कायदा बदलला? गिरण्या उघडल्या? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणूस बाहेर काढला आणि परतीची वाट ठेवली नाही. मालकांना जुने साचे नकोच होते, तुमच्या डॉक्टर सामंतांनी आयतं कुलूप हातात दिलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करायची वाट काढली, पुढे मॉल उभे राहिले. आणि १९८९ ला तिथून कोण आलं? सेनेचे वामनराव महाडिक. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर १९७० च्या पोटनिवडणुकीत परळमधून आमदार झाले तेच. लाल बावटा उतरवून भगवा चढवला, झालं. तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे, पण डब्याच्या गोष्टीने इतिहास होत नाही.

पेडण्याची_काकी:
डब्याच्या गोष्टीने होत नाही तर कशाने होतो हो भाऊ? आमच्याकडचे गिरणी कामगार संपात गावी आले ते आलेच. ‘आज मिटेल, उद्या मिटेल’ करत ट्रंकेला कुलूप ठेवलं, कपडे काढून कपाटात लावले नाहीत. सामंतांना शिव्याही द्यायचे. पण त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी दिल्या की भांडायला उठायचे. १९९७ ला सामंतांचा खून झाला त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. आता तुम्ही याला भावना म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

सत्तरीचा_ट्रकवाला:
मुंबईच्या गिरण्यांसाठी चाळीस वर्षं रडताय. इथे गोव्यात घरामागे लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या त्याचं काय? २०१२ ला पहिला दणका, ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्या, मार्चच्या मध्यावर सगळं ठप्प. माझे दोन टिप्पर दारात गंजले. पतसंस्थेचा माणूस हप्त्याला यायचा तेव्हा आई सांगायची, घरी नाही. मी आत न्हाणीघरात. आणि आमचा उत्तर गोवा? १९९९ पासून एकच खासदार. खाण चालू, तरी तेच. खाण बंद, तरी तेच. भाबडे कोण ते आधी इथे ठरवा.

पिसुर्ल्याची_शेतकरीण:
टिप्पर गंजले म्हणे. आमच्या भातशेतीत पावसाबरोबर खाणीची माती उतरली, विहीर आटली, तेव्हा हेच टिप्पर दारावरून दिवसभर धुरळा उडवत जायचे. तेव्हा कुणाला आठवलं नाही पोट!

सत्तरीचा_ट्रकवाला:
ताई, तुमच्या घरातला एकसुद्धा खाणीवर कामाला नव्हता असं शपथेवर सांगा.

पिसुर्ल्याची_शेतकरीण:
होता. दीर होता. शेत गेल्यावर दुसरं काय करणार होता? खाणीनेच आधी शेत खाल्लं, मग नोकरी दिली, मग तीही काढून घेतली. उपकार कसले सांगता?

म्हापसा_वाचक:
धागा गिरणगावचा आहे. खाणीसाठी वेगळा काढा.

सत्तरीचा_ट्रकवाला:
तुम्ही कोण ठरवणार? म्हापशात शुक्रवारच्या बाजारात वीस वर्षं कुणाच्या पैशावर गल्ला भरला?

पेडण्याची_काकी:
अरे बाबांनो, वय काय तुमचं, भांडता काय!

डिचोलीचा_दत्तू:
ट्रकवाल्या, तुझा मुद्दा बाहेरचा नाहीच. गिरणगावने निदान माणूस बदलून पाहिला. आपण तेवढंही केलं नाही, आणि आपण त्यांना भाबडे म्हणतो.

आणि मूळ पोस्टवाल्या दादांना एकच सांगतो. ज्या मतदारसंघाला नावं ठेवताय त्यात आज गिरणगावच नाही! २००९ च्या निवडणुकीपासून शिवडी, वरळी गेले दक्षिण मुंबईत, मलबार हिल आणि कुलाब्याच्या पंगतीला. ‘दक्षिण मध्य’ या नावाखाली आता धारावी, चेंबूर, अणुशक्तीनगर आहे. आधी गिरणी गेली, मग मतांचा गठ्ठाही वाटून टाकला.

म्हापसा_वाचक:
ठीक आहे, मतदार शहाणा होता, मान्य. एवढा शहाणा की शेवटी मतदारसंघच हातचा गेला. पण संप चुकलाच, त्यावर मी हटणार नाही.

पिसुर्ल्याची_शेतकरीण:
ट्रकवाले दादा, पतसंस्थेचं कर्ज फिटलं की अजून आहे? आमच्या दिराचंही तिथेच अडकलंय.