झाडकामाला पोकलेन कोणती घ्यावी: आठ टनी, चौदा टनी की खाणीवरची जुनी वीस टनी?

सत्तरीकर (धागाकर्ता)

आधी काम कसले ते सांगतो, नाहीतर चर्चा भलतीकडेच जाते. गोव्यात सत्तरी आणि धारबांदोड्यात म्हाताऱ्या काजूच्या बागा साफ करणे, चीक संपलेले रबर काढणे, खाजगी जागेतली अकेशिया तोडणे आणि पावसाच्या तोंडावर घरांवर, रस्त्यावर वाकलेली झाडे उतरवणे. परवानगी भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने काढायची. तोड, ओढ आणि भरणी आमची. आजवर जेसीबीवर निभावले. पण तिची मागची बकेट अर्धवर्तुळातच फिरते, ओल्या तांबड्या मातीत उतारावर टायर घसरतात, आणि प्रत्येक ओंडक्याला साखळी अडकवायला एक माणूस खाली उभा करावा लागतो. तो माणूस तिथून हटावा म्हणूनच चेनवाली मशीन, म्हणजे पोकलेन, घ्यायची आहे.

माझे मत जवळजवळ ठरले आहे. नवी आठ टनी, फिरताना मागचा भाग ट्रॅकबाहेर फारसा न येणारी, पुढे ब्लेड असलेली, आणि तिला फिरणारा ग्रॅपल, म्हणजे ओंडका धरणारा पंजा. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), दोन घरांच्या मधल्या जागेत काम करताना मागचे काउंटरवेट माडाला किंवा भिंतीला लागून चालत नाही. ब्लेड टेकवला की मशीन बसते, आणि फांद्यांचा ढीगही त्यानेच सरकवता येतो. मुख्य मुद्दा वाहतुकीचा. दोन आसांच्या ट्रकला २०१८ पासून एकूण १८.५ टनांची मर्यादा आहे. ट्रकचे स्वतःचे वजन धरूनही आठ टनी त्यात बसते. चौदा टनीला लो-बेड (मशीन वाहायचा लांब, बुटका ट्रेलर) हवा, आणि वाळपईच्या पलीकडे कितीतरी वाड्यांच्या वळणांवर लो-बेड वळतच नाही. आमची कामे एक-दोन दिवसांची असतात. कामापेक्षा ट्रेलरची वाट बघण्यातच मशीनचे आयुष्य जायचे.

खाणीवरची जुनी वीस टनी घे, असे सांगणारेही भेटतात. त्यांना नमस्कार. बाकी कुणाला वेगळे वाटत असेल तर सांगा, पण कामाचे बोला.

केपेकर

ट्रकवर बसते म्हणून मशीन घ्यायची? उचलायचे काय आहे ते आधी बघ.

साठ सेंटिमीटर जाडीचा, चार मीटर लांब ओंडका धर. घनफळ १.१३ घनमीटर. ताजी तोडलेली अकेशिया घनमीटरला टनाच्या आसपास भरते. म्हणजे ओंडकाच टनभराचा, वर ग्रॅपल आणि त्याला फिरवणाऱ्या रोटेटरचे वजन. हे सगळे बूम, म्हणजे मशीनचा हात, लांब करून सहा मीटरवर धर, तेही ट्रॅकच्या समोर नाही, बाजूला. लोड चार्टमध्ये (किती अंतरावर किती वजन उचलता येते त्या तक्त्यात) समोरचा आणि बाजूचा असे दोन वेगळे आकडे असतात. बाजूचा बराच कमी असतो, आणि विक्रेता बोलताना नेमका समोरचा सांगतो. त्यातही चार्ट सपाट आणि घट्ट जमिनीवरचा. तुझ्या सत्तरीत सपाट जमीन असते ती शेताची, आणि तिथे झाडे नसतात.

आठ टनीने हा ओंडका उचलायचा तर मधोमध कापावा लागेल. सॉमिलला चार मीटरचा माल हवा असताना तू दोन मीटरचे तुकडे पाठवणार. इमारती लाकडाचा भाव गेला, हातात राहिला जळाऊचा. चौदा टनीला डिझेल जास्त लागते हे मान्य, पण हा तोटा डिझेलच्या बचतीत भरून निघतो का ते कागदावर मांडून बघ.

सत्तरीकर

हिशेब बरोबर, झाड चुकीचे. रबर काढायच्या वयाला पोहोचले तरी बुंधा साधारण तीस-पस्तीस सेंटिमीटरच भरतो. चार मीटरचा ओंडका चारशे किलोच्या आत. आणि काजूच्या बागेत चार मीटरचा सरळ ओंडका कुणी दाखवला तर मी पेढे वाटीन. रबराला घाई मात्र असते. तोडल्यावर थोडे दिवस पडून राहिले की बुरशीने निळे पडते, भुंगा लागतो. त्यामुळे मला जास्त उचलणारी नको, वेळेवर जागेवर पोहोचणारी मशीन हवी.

जाड अकेशिया वर्षातून थोडीच असते. तेवढ्यापुरती मोठी मशीन भाड्याने आणीन.

उसगावचा मेकॅनिक

‘त्यांना नमस्कार’ म्हटलेस, म्हणून मुद्दाम लिहितो.

२०१२ ला खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर परत बंद. त्या काळात किती पोकलेन गवतात उभ्या राहिल्या हे उसगाव ते सावर्डेपर्यंत कुणालाही विचार. सगळ्या भंगार नव्हत्या. चांगला पंप, चांगला स्विंग (वरचा भाग फिरवणारी यंत्रणा) बघून घेतलेली मशीन आजही चालते. नव्या मशीनच्या हप्त्यात तुझा नफा जाणार, आणि पावसाळ्यात काम नसले तरी हप्ता थांबत नाही.

दुसरी गोष्ट. १ जानेवारी २०२५ पासून नव्या टायरवाल्या मशिनांना उत्सर्जनाचा (धुराच्या नियमांचा) पाचवा टप्पा लागू झाला. तशाच इंजिनाची चेनवाली घेतलीस तर तुलाही तेच. म्हणजे धुराड्यात डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी), जागोजाग सेन्सर. दिवा लागला की लॅपटॉपवाल्याची वाट बघ. जुन्या इंजिनाला पाना घेऊन मी येतो, संध्याकाळी मशीन चालू.

केपेकर

मेकॅनिकबाब, तुम्ही येता हे खरे, पण दर आठवड्याला येता. सांध्यांचे पिन-बुश ढिले झालेल्या बूमवर ग्रॅपल लावला की टोकाला वीतभर खेळ येतो. माती उपसताना ते चालून जाते. रस्त्याकडेच्या विजेच्या तारेजवळ फांदी धरताना कसे चालेल? आणि वीस टनी मशीन रुंदीलाच पावणेतीन-तीन मीटर. गावातल्या रस्त्यावर ती उभी राहिली की दूधवाल्यापासून बालरथापर्यंत (शाळेच्या बसपर्यंत) सगळे अडकले.

या एका बाबतीत मी सत्तरीकराच्या बाजूने.

चेनवर बसणारा

तुम्ही सगळे टनांवर भांडताय. मी रोज त्या सीटवर बसतो, म्हणून विचारतो: केबिनला जाळी कोण बसवणार?

माती खणायची मशीन जशी शोरूममधून येते तशी झाडावर नेणे म्हणजे ऑपरेटरला काचेच्या पेटीत बसवणे. वरून फांदी पडते हे सगळ्यांना दिसते. पण जास्त भीती समोरून असते. आडव्या पडलेल्या झाडाची फांदी जमिनीत रुतून धनुष्यासारखी ताणलेली असते. बुंधा उचलला की ती सुटते आणि थेट काचेवर येते. छतावर आणि समोर पडत्या वस्तूंपासून वाचवणारी प्रमाणित चौकट, पुढे पॉलीकार्बोनेटची जाड काच, पोटाखाली प्लेट, बूमवरच्या सिलिंडरला आणि होजला कवच. हे आधी लिहून घ्या, मग टनांचे बोला. गावातल्या वेल्डरकडून अँगल ठोकून केलेली जाळी चालणार नाही. केबिनच्या खांबांना भोके पाडली की त्या खांबांचीच ताकद जाते.

अजून एक. मोठी मशीन हातात असली की मालकाला वाटते, चेनसॉ कशाला, बकेटने ढकलून पाडू. झाड ढकलले की मुळांचा गड्डा मशीनच्या ट्रॅकखालून वर येतो आणि मशीन मागे कलते. सुकलेली टोके केबिनवर कोसळतात ती वेगळीच. चौदा टनी घेतल्यावर हा मोह वाढतो, हे केपेकरांनी लक्षात ठेवावे. तोड चेनसॉनेच व्हावी, पोकलेनने धरावे आणि वाहावे.

म्हादईकाठ

मी ठेकेदार नाही. ज्या डोंगराखाली तुमची माती वाहून येते तिथे राहतो.

झाड तोडायची परवानगी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकारी देतो. त्या कागदात झाडांचा उल्लेख असतो, डोंगराचा नाही. पण पोकलेन उतारावर न्यायची तर वाट कापावी लागते, आणि डोंगरकापणीसाठी १९७४ च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १७ अ खाली वेगळी परवानगी हवी. किती ठेकेदार ती काढतात? ‘मशीन जायला थोडे सारखे केले’ म्हणायचे आणि मे महिन्यात तांबडी भिंत उघडी सोडून जायचे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती ओहळात येते.

खुंटांचेही तेच. बाग साफ करायची म्हणून भाटकार मुळासकट उपटायला लावतो. उतारावर खुंट राहू द्यावा, मुळे कुजेपर्यंत माती धरून ठेवतात. पाडलेला माल वर रस्त्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या विंचने (दोरी गुंडाळून ओढणाऱ्या चरखीने) ओढता येतो. त्याला वाट लागत नाही, डीपीएफ लागत नाही आणि आठ की चौदा हा प्रश्नही उरत नाही. तुम्हाला मशीन हवी आहे म्हणून तुम्ही कामाला मशीनच्या मापाचे करताय.

सत्तरीकर

विंच मी वापरतो. सरळ वर ओढायला उत्तम. पण ओढलेला ओंडका मधल्या प्रत्येक खुंटाला अडतो, मग सोडवायला कुणीतरी ताणलेल्या दोरीजवळ जातो. मला माणूस जिथून काढायचा आहे तो पुन्हा तिथेच. शिवाय ओढताना जमिनीत चर पडतो, आणि पावसाचे पाणी तोच चर धरते. उचलून नेलेला ओंडका चर पाडत नाही.

१७ अ चा मुद्दा मात्र सरळ मान्य. म्हणूनच अरुंद मशीन हवी. आठ टनीला सव्वादोन-अडीच मीटर वाट पुरते, आणि बागेत ती बहुतेक वेळा आधीची असतेच. भाटकाराने नवी वाट कापायला सांगितली तर परवानगीचा कागद त्यानेच दाखवावा, हे मी करारात घालणार आहे. खुंट उपटायचे दर पत्रकात ठेवायचेच नाहीत, हेही पटले. तीव्र उतारावर मशीन नेण्याचा माझा विचार नव्हताच.

म्हादईकाठ

करारात घाला आणि कराराची प्रत पंचायतीतही द्या. मग मी दुसऱ्या कुणाशी भांडेन.

होज पाईप

हायड्रोलिकवाला आहे. इथे अजून कुणी तेलाच्या लाईनबद्दल विचारले नाही याचे नवल वाटले.

विक्रेता म्हणेल, ‘मशीनला जादा लाईन आहे.’ ती बहुधा ब्रेकरची, म्हणजे दगड फोडायच्या हातोड्याची असते. ब्रेकरला तेल एका बाजूने जाते आणि कमी दाबाने टाकीत परतते. ग्रॅपल उघडायला-मिटायला तेल दोन्ही बाजूंनी हवे. फिरवायला आणखी एक स्वतंत्र दुपदरी लाईन हवी. म्हणजे दोन सर्किट, आणि दोन्हींचा ताबा जॉयस्टिकच्या अंगठ्याखाली, पायात पेडल नको. कारखान्यातूनच घेतले तर वॉरंटी राहते. नंतर बाहेर बसवले की काही बिघडल्यावर विक्रेता आधी त्या जोडणीकडे बोट दाखवतो.

पुढेमागे मल्चर (झाडझुडपांचा चुरा करणारे जोडयंत्र) लावायचा विचार असेल तर आताच सांग. त्याला सतत मोठा प्रवाह हवा, मोटरसाठी वेगळी ड्रेन लाईन हवी, आणि तेल थंड ठेवायला कूलर मोठा हवा. आठ टनीवर हलका मल्चर झुडपे काढतो, काजूच्या बुंध्यापुढे दमतो. इथे मी केपेकरांच्या बाजूने: मल्चर हवा असेल तर चौदा टनी, नसेल तर आठ पुरते.

मेकॅनिकबाबांचा डीपीएफवरचा राग अर्धा बरोबर. माझी काळजी सेन्सरची नाही, आगीची. साचलेली काजळी जाळताना धुराड्याचे तापमान पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जाऊ शकते. मार्चमध्ये बागेत काजूच्या पाल्याचा गुडघाभर थर असतो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला लागलेल्या आगी सगळ्यांना आठवत असतील. तेव्हा ही जळण-प्रक्रिया मोकळ्या, झाडलेल्या जागी मशीन नेऊनच करायची. इंजिनाभोवतीचा पाला दुपारी एकदा हवेने उडवायचा. जवळ आगीचा सिलिंडर ठेवायचा. जुन्या मशीनच्या टर्बोवर पडलेला पालाही पेटतो, फक्त ती आधी दिवा लावून सांगत नाही.

उसगावचा मेकॅनिक

शेवटचे वाक्य टोमणा आहे, पण खरे आहे. तरी विचारतो: दोन सर्किट, प्रमाणित चौकट, पॉलीकार्बोनेट, फिरणारा ग्रॅपल, हे सगळे धरून आठ टनीची किंमत कुठे जाते ते बघितले का? मूळ मशीनची किंमत घेऊन बँकेत गेलास तर जोडसामान तुझ्या खिशातून जाईल. जोडसामान आणि मशीन एकाच कोटेशनमध्ये, एकाच बिलावर घे. १८ टक्के जीएसटी वर लागेलच, नोंदणी असेल तर परतावा बघ.

आणि मोठी मशीन भाड्याने आणीन म्हणतोस, तर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर भाड्याने काय मिळाले होते ते आठव. सगळ्यांना एकाच दिवशी हवी असते.

सत्तरीकर

ते आठवते. त्या दिवसांत मोठी मशीन मिळाली असती तरी पोहोचली नसती, रस्तेच बंद होते. आतल्या वाटा छोट्या मशिनांनी आणि चेनसॉवाल्यांनीच मोकळ्या केल्या.

आठ टनीवरच आहे. एका कोटेशनचा सल्ला घेतला. चौकट, दोन सर्किट आणि जॉयस्टिकचा ताबा लेखी मागणार. मल्चर यादीतून काढला.

चवथीनंतर विक्रेत्याला मशीन घेऊन बागेत बोलावतो. केपेकर, तुम्हीही या. अकेशियाचा साठ सेंटिमीटरचा ओंडका मीच आणून ठेवतो. बाजूला, सहा मीटरवर, ब्लेड वर उचलून.

केपेकर

येतो. ओंडका ताजा तोडलेला असू दे, उन्हात सुकवलेला ठेवू नको. आणि लोड चार्टची प्रत मी घेऊन येणार, विक्रेत्याच्या हातातली नको.

चेनवर बसणारा

मशीनवर कोण बसणार ते ठरवा. जाळी नसेल तर मी नाही.