'प्रकाशातीत' की 'अतिप्रकाशी'?

सातारकर : मुलांच्या सुट्टीतल्या विज्ञान शिबिरासाठी भित्तिपत्रक लिहितोय. 'स्वनातीत' (ध्वनीपेक्षा वेगवान) या शब्दाच्या धर्तीवर मथळा केला, 'प्रकाशातीत प्रवास शक्य आहे का?' शेजारच्या बाई मराठी शिकवतात. त्या म्हणाल्या, शब्द प्रवचनातला वाटतो, 'गुणातीत'सारखा. मग 'अतिप्रकाशी' करू का?

वाईकर : 'अतिप्रकाशी' नको हो. समोरच्या ट्रकचा लाइट डोळ्यांवर आल्यासारखं वाटतं. 'प्रकाशातीत' व्याकरणात चोख बसतो. (विश्वकोश आमच्या वाईत घडला, त्यामुळे शब्दांवर मत द्यायचा हक्क आम्ही जन्मजात समजतो.)

मिरजकर : बसतो, पण फसवतो. 'अतीत' म्हणजे पलीकडे गेलेला. ध्वनीच्या पलीकडे विमान खरंच गेलं, १९४७ साली चक यीगरनं नेलं. तिथं अडचण इंजिनाची आणि विमानाच्या बांधणीची होती. प्रकाशाचं तसं नाही. वस्तुमान असलेली वस्तू त्या वेगाकडे ढकलत जावं तशी लागणारी ऊर्जा वाढतच जाते, गाठायची तर अनंत लागेल. 'स्वनातीत'शेजारी 'प्रकाशातीत' ठेवला की मुलांना वाटणार, आज नाही तर उद्या जमेल.

सातारकर : मग टॅकिऑन नावाचे कण? ते तर प्रकाशापेक्षा वेगवान म्हणतात.

मिरजकर : ते कागदावर. १९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी ती कल्पना मांडली (देशपांडे या आडनावावर कॉलर ताठ करायला हरकत नाही), नाव फाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये दिलं. असा कण कधीच सापडलेला नाही. शिवाय तो असलाच तर मुळातच पलीकडचा. त्याला प्रकाशाहून हळू जाता येत नाही. हद्द ओलांडतो कुठे? भौतिकशास्त्रज्ञ अल्क्युबिएरे यांच्या प्रकाशाहून वेगवान प्रवासाच्या १९९४ च्या मांडणीतही यान आपल्या जागी प्रकाशाला मागे टाकत नाही. पुढचा अवकाश आक्रसतो, मागचा पसरतो. त्याला ऋण ऊर्जा लागते, आणि तेवढी आणायची कुठून हे कुणालाच ठाऊक नाही.

वाईकर : एक खरंखुरं 'प्रकाशातीत' आहे की! पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. अणुभट्टीच्या पाण्यात इलेक्ट्रॉन त्याच्याही पुढे पळतात, तीच ती निळी चेरेन्कोव्ह प्रभा. तेव्हा मर्यादा सांगताना 'निर्वातातला प्रकाश' लिहाच, सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरवाला.

सांगलीकर : आणि 'प्रकाशवर्ष' अंतर आहे, काळ नव्हे, हे ठळक लिहा. पेपरवालेसुद्धा 'प्रकाशवर्षं उलटली' लिहितात. अंदाज द्यायचा तर व्हॉयेजर-१ हे अंतराळयान घ्या. सेकंदाला १७ किलोमीटर, म्हणजे सातारा ते सांगली सात-आठ सेकंदांत. ना कराडचा चहा, ना टोलनाका. तरी त्या वेगानं ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा तारा गाठायला ७० हजारांवर वर्षं लागतील.

सातारकर : ठरलं. मथळा : 'प्रकाशापेक्षा वेगानं जाता येईल का?' 'प्रकाशातीत' खाली चौकटीत, इलेक्ट्रॉनच्या गोष्टीसोबत.

वाईकर : 'वेगाने' करा. भिंतीवर लावताय, बाई बघतील.